थुंकायला लाजू नकोस

पद्मजा, उद्या होटगी रोडच्या मैदानावर जाशील
तेव्हा पांढरी ओढणी घेऊ नकोस.
चाळीस टेबलं, चारशे बाटल्या,
आणि कोपर मारणारी सगळी आपलीच माणसं.
लाल डाग कशानं जातो, मला विचारू नकोस;
डाग जाऊ नये याचाच पगार घेतला मी
एकतीस वर्षं.

घरून जेवून जा.
कडक भाकरी, दही, हवं तर उकडलेलं अंडं.
शेंगाचटणी मात्र नको.
जीभ म्हणजे कोरं कापड. त्यावर आधी मिरची चढली
की पुढचं सगळं मिरचीच्याच रंगाचं.
(हे सांगताना मलाच वाईट वाटतंय.
परत आल्यावर खा. डब्यात ठेवलीय.)

दारातलं पहिलं टेबल सोड.
तिथली गर्दी तहानेची असते, चवीची नाही.
सरळ टोकाला जा. तिथे नान्नजकडचा एखादा पोरगा
आपल्या मळ्यातल्या सहा बाटल्या मांडून
कुणी येतंय का बघत उभा असेल.
त्याला भाव विचारू नकोस,
छाटणी कधी केली ते विचार.
मग बघ किती बोलतो.
आणि किती ओततो.

आधी पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी.
रंगाच्या हौदालाही हाच नियम होता,
फिक्याकडून गडदाकडे.
उलटा गेलेला लॉट आम्ही किलोवर विकायचो.

ग्लास दांडीला धर. पोटाला नको.
फेब्रुवारी असला तरी सोलापूरच आहे ते,
वर तुझ्या हाताची ऊब कशाला?
पांढऱ्या कागदावर तिरका कर, कड बघ.
कडेला रंग खरं बोलतो.
मधे तो चारचौघांसारखा.

आणि वास.
इथे माझा काही उपयोग नाही.
गंधकाच्या वाफेत माझं नाक गेलं,
मिल बंद पडायच्या कितीतरी आधी.
दोन वर्षांमागं आम्ही गेलो, तेव्हा दोघांत एक ग्लास:
मी रंग बघायचो, तुझी काकू हुंगायची.
एका तांबडीला ती म्हणाली,
“चिंचोक्याची खळ. आणि थोडी नवी वही.”
टेबलामागचा टायवाला म्हणाला, ओक आहे, व्हॅनिला आहे.
ती म्हणाली, “असेल. आमच्यात खळ म्हणतात.”
त्यानं परत हुंगून बघितलं बिचाऱ्यानं.

प्रत्येक टेबलाशी बादली असते.
थुंकायला लाजू नकोस.
सात रस्त्याच्या भिंती पान खाऊन रंगवणारी माणसं
तिथे मात्र सभ्यपणे गिळत राहतात,
आणि दहाव्या टेबलाशी
अनोळखी माणसाला मिठी मारून रडतात.
भूदेवी काकूनं पहिल्याच घोटाला
तीन हातांवरून बादली गाठली.
मिश्रीचा सराव. लोक बघत राहिले.
मी जरा बाजूला झालो, मग परत शेजारी आलो.

मधेमधे पाणी पी. खुर्ची दिसली की बस.
चारशे चाखायला कुणी सांगितलंय?
बारा घे. बारा पुरे.
तेराव्या ग्लासानंतर माणूस चव घेत नाही,
हजेरी लावतो.

स्कूटीची किल्ली इथेच ठेवून जा.
चिलवेरीच्या रिक्षाला साडेनऊचं सांगितलंय,
तो थांबेल. थोडी कुरकुर करेल, करू दे.

येताना बाटली आणू नकोस.
एक वास आण, तुझ्या शब्दांत गुंडाळून.
पुस्तकी शब्द नकोत;
स्टेशनवरचा, शाळेच्या दप्तरातला, तलावाकाठचा, कसलाही.
तू सांग, काकू मान हलवेल किंवा नाही हलवणार,
आणि मी डोळे मिटून सांगेन
ग्लासात कोणता रंग होता.

मागच्या वेळी एकदाच चुकलो.
त्या दिवशी काकू मुद्दाम खोटं बोलली होती.